मी गेले तर टीममधल्या मुलांचं काय?

प्रश्न : मी एका कंपनीत टीम लीड आहे. हाताखाली सहा जण, डोक्यावर एक मॅनेजर. साहेब स्वतः कामात हुशार, त्याच जोरावर वर आले. पण माणसं सांभाळणं त्यांना जमत नाही. शुक्रवारी ठरलेलं सोमवारी बदलतं, आणि ते बदललंय हे आम्ही ओळखायचं असतं. रात्री अकराला मेसेज येतो आणि सकाळी नऊला 'अजून झालं नाही?' मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर एखाद्याला फाडून खातात. काम चांगलं झालं की प्रेझेंटेशन त्यांचं, बिघडलं की नावं आमची. वरच्या साहेबांना दर महिन्याला रिपोर्ट जातो, त्यात सगळं हिरवं, म्हणजे सुरळीत, असतं. तो रिपोर्ट मीच तयार करते. 'निनावी' सर्व्हे झाला, तर दुसऱ्याच दिवशी आम्हाला विचारलं गेलं, 'हे कुणी लिहिलंय?' वर्षभरात दोघं सोडून गेले. दोघांनीही एचआरला 'वैयक्तिक कारण' सांगितलं.

मी मध्ये उभी असते. साहेबांचा मेल आला की तो सौम्य करून टीमला सांगते. मुलांच्या चुका रात्री बसून दुरुस्त करते, म्हणजे त्यांना ऐकून घ्यावं लागत नाही. मुलं म्हणतात, 'ताई, तुम्ही आहात म्हणून आम्ही टिकलोय.' पण आता रविवारी दुपारपासूनच माझ्या पोटात गोळा येतो. झोप नाही, घरी सगळ्यांवर खेकसते. दुसरीकडे नोकरी मिळेल बहुतेक. पण मी गेले तर मुलांचं काय? आणि राहिले तर माझं काय? एचआरकडे जावं का? आणि सोडायची वेळ आलीच, तर खरं सांगून सोडावं का?
— मधली

प्रिय मधली,

साहेबांबद्दल तुम्ही पुष्कळ लिहिलंय आणि ते सगळं खरं असणार. पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना मी दोन वाक्यांपाशी थांबले. 'तो रिपोर्ट मीच तयार करते' आणि 'मुलांच्या चुका रात्री बसून दुरुस्त करते'. दोन्ही तुम्ही ओघात लिहून गेलात, तक्रारीच्या सुरातसुद्धा नाही. माझं उत्तर बरंचसं या दोन वाक्यांबद्दल आहे, आणि त्यातलं काही तुम्हाला आवडणार नाही.

साहेबांचं आधी आटपून घेऊ. कामात हुशार माणूस बढती मिळून मॅनेजर होतो आणि तिथे गडबडतो, हे इतकं सर्रास घडतं की अर्थशास्त्रज्ञांनी ते मोजूनही पाहिलंय. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या कंपन्यांच्या विक्री विभागांची माहिती तपासली होती. सर्वांत जास्त माल विकणाऱ्यालाच मॅनेजर करण्याकडे कंपन्यांचा कल दिसला. आणि मॅनेजर झालेला माणूस विक्रीत जितका तरबेज, तितकी त्याच्या हाताखालच्यांची विक्री उलट घसरलेली दिसली. कंपन्यांना हे कळत नसेल असं नाही. पण सर्वांत पुढे असलेल्याला डावललं तर बाकीचे म्हणणार, मग आम्ही मरमर कशासाठी करायची? म्हणून बढती त्यालाच मिळते, आणि किंमत त्याच्या हाताखालचे मोजतात.

हे सांगितलं म्हणजे साहेबांना माफ करा असा अर्थ काढू नका. ते मुळातच तसे आहेत की त्यांना हे काम कुणी शिकवलंच नाही, यावर विचार करून रात्री जागवू नका, एवढंच. तुमचा निर्णय त्या उत्तरावर अडलेला नाही. अडलाय तो दुसऱ्याच गोष्टीवर. आपलं जमत नाहीये हे साहेबांना आजवर कुणी सांगितलेलं नाही, त्यांच्या वरच्यांनाही ते ठाऊक नाही. कसं असेल? जरा त्या वरच्या साहेबांच्या खुर्चीत बसून बघा. रिपोर्ट दर महिन्याला हिरवा. सर्व्हेत आता कुणी काही लिहीत नाही. 'कुणी लिहिलंय' या एका प्रश्नाने पुढचे सगळे सर्व्हे निकालात काढले. दोघं सोडून गेले, पण फायलीत दोन्ही ठिकाणी वैयक्तिक कारण. (त्यांना तरी दोष कसा द्यायचा? पुढच्या नोकरीसाठी याच लोकांचा शब्द लागणार होता.) कामं वेळेवर होतायत, चुका दिसत नाहीत. त्या खुर्चीतून पाहिलं तर तुमचे साहेब उत्तम मॅनेजर आहेत, आणि तसं दाखवणारा जवळजवळ प्रत्येक कागद तुमच्या हातून गेलाय.

बातमी वर चढताना कशी गोड होत जाते, याचं सर्वांत भीषण उदाहरण मला ठाऊक आहे ते नासा या अमेरिकी अंतराळ संस्थेच्या चॅलेंजर यानाचं. 28 जानेवारी 1986 ला हे अंतराळयान उड्डाणानंतर 73 सेकंदांत नष्ट झालं, सातही जण गेले. आदल्या रात्री बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर सांगत होते की इतक्या थंडीत रबरी सील नीट काम करतील याचा भरवसा नाही, उड्डाण नको. त्यांच्याच व्यवस्थापनाने ती शिफारस फिरवली. त्या चर्चेत इंजिनिअरिंगच्या प्रमुखाला सांगण्यात आलं की आता इंजिनिअरची टोपी उतरवा आणि मॅनेजरची घाला. पुढे चौकशी आयोगावर असलेले भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी एक गोष्ट नोंदवून ठेवली, ती मला त्या सीलइतकीच महत्त्वाची वाटते. यान गमावण्याची शक्यता किती? प्रत्यक्ष काम करणाऱ्या इंजिनिअरांचा अंदाज साधारण शंभरात एक होता, नासाच्या व्यवस्थापनाचा लाखात एक. एकच यान, एकच संस्था, आणि मजले चढता चढता धोका हजार पटींनी कमी झाला. बहुधा ठरवून खोटं कुणीच बोललं नसेल. प्रत्येकाने आपल्या वरच्याला झेपेल इतपत ते मऊ केलं असेल.

तुमच्या रिपोर्टमुळे कुणाचा जीव जात नाही, कबूल. पण चाल तीच आहे.

आता मुलांच्या चुका. एमी एडमंडसन या संशोधिकेने 1990च्या दशकात रुग्णालयांमध्ये औषधं देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. चांगल्या चाललेल्या टीममध्ये चुका कमी सापडतील, अशी अपेक्षा होती. आकडे उलटेच आले. जिथे प्रमुख चांगली होती, माणसं एकमेकांना धरून होती, तिथे नोंदवलेल्या चुका जास्त निघाल्या. तिथली माणसं जास्त चुकत होती असं नव्हे. चूक झाली की बोलायला घाबरत नव्हती. भीती असलेल्या वॉर्डात चुका होत असत, पण कागदावर येत नसत. तुमच्या टीमच्या नावावर चुका जवळजवळ नाहीतच, कारण सकाळपर्यंत तुम्ही त्या मिटवलेल्या असतात. झाकली मूठ सव्वा लाखाची. फक्त त्या सव्वा लाखाचा हप्ता तुमच्या झोपेतून जातोय.

गळक्या छपराखाली कुणी रात्रभर बादल्या बदलत बसलं, तर सकाळी फरशी कोरडी असते. घरमालक येतो, फरशी बघतो आणि म्हणतो, छप्पर झकास आहे. तुम्ही कष्टाळू आहात, मायाळू आहात, यात मला शंका नाही. पण या कारभाराची खरी किंमत कुणालाच कळू नये अशी व्यवस्था झालीये, आणि ती तुमच्या कष्टांवर चाललीये.

म्हणून जायचं की राहायचं हे ठरवण्याआधी मध्ये उभं राहायची पद्धत बदला. एकदम नको, आणि कुणाला तोंडघशी पाडून तर मुळीच नको.

सुरुवात रिपोर्टपासून. पुढचा रिपोर्ट पाठवायच्या आधी साहेबांकडे जा आणि सांगा, 'या महिन्यात दोन मुद्दे पिवळे दाखवतेय. कारणं लिहिली आहेत. पाठवण्याआधी तुमच्या नजरेखालून जावीत म्हणून आले.' त्यांना धक्का बसता कामा नये. वरच्यांसमोर अचानक उघडा पडलेला मॅनेजर फार वाईट वागतो. कारणं लिहिताना विशेषणं गाळा आणि नावंही गाळा. 'ठरलेल्या मागण्या महिन्यात तीनदा बदलल्या. त्यामुळे नऊ दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं. पुढचा टप्पा एक आठवडा उशिरा पूर्ण होईल.' इतकंच. 'सतत', 'मनमानी', 'अव्यवहार्य' असले शब्द घातले की ती तक्रार झाली, आणि मग चर्चा नऊ दिवसांवरून उडून तुमच्या स्वभावावर येते.

साहेब म्हणतील, हिरवं करा. वाद घालू नका. 'चालेल, तसं मेलवर कळवा, लगेच बदलते.' मेल आला तर खरंच बदला, तो मेल जपून ठेवा. हुतात्मा होण्यात काही हशील नाही. पण असला मेल लिहायला अनेकांचा हात कचरतो, असा माझा अंदाज आहे. तोंडी सांगणं वेगळं आणि स्वतःच्या नावाने लिहून देणं वेगळं.

रात्रीच्या दुरुस्त्या बंद करा. इथे एक फरक ध्यानात घ्या. साहेबांच्या मेलमधला अपमान काढून कामाचा मजकूर मुलांपर्यंत पोचवणं, हे लीडचं कामच आहे, ते खुशाल चालू ठेवा. पण तारीख बदलल्याचं लपवणं, वाढलेलं काम स्वतःच्या अंगावर घेणं, मुलाने केलेली चूक त्याला न दाखवता गायब करणं, हे लीडचं काम नाही. चुकलेलं काम शेरा मारून परत द्या. सुधारायला लागणारा वेळ प्लॅनमध्ये उघड दाखवा. एखादं काम उशिरा जाईल. जाऊ दे, शेजारी कारण लिहिलेलं असू दे. शिवाय तुम्ही रात्रीतून मिटवलेली चूक तो मुलगा उद्या दुसऱ्या कंपनीत जाऊन पुन्हा करणार आहे, आणि तिथे ताई नसणार.

याचा परिणाम म्हणून एक-दोनदा मुलांना मीटिंगमध्ये ऐकून घ्यावं लागेल. तेव्हा तुम्हाला एकच वाक्य म्हणायचंय, आवाज न चढवता : 'हे माझ्या टीमचं काम आहे, जबाबदारी माझी, तपशील मीटिंगनंतर आपण दोघं बोलू.' आणि मीटिंगनंतर खरंच जाऊन बोला. हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा. ऐन वेळी घसा कोरडा पडतो.

मग साहेबांशी एकदा समोरासमोर बोला, फक्त एका गोष्टीवर. तुमच्याकडे सांगण्यासारखं दहा गोष्टींचं आहे, पण दहा सांगितल्या तर त्यांना आरोपपत्र ऐकल्यासारखं वाटेल. बदलत्या निर्णयांची गोष्ट निवडा, कारण तिचा हिशेब दिवसांत मांडता येतो. 'मीटिंग झाली की मी काय ठरलं ते चार ओळींत मेल करत जाईन. काही वेगळं असेल तर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सांगा, नाहीतर टीम त्याप्रमाणे काम सुरू करेल.' मागणी साधी आहे. तिला नकार देणं अवघड आहे, आणि तुमच्या हाती आपोआप नोंद राहते. रात्रीच्या मेसेजचंही जाता जाता विचारून टाका : 'रात्रीचे मेसेज मी सकाळी बघत जाईन. तातडीचं असेल तर फोन करा.' काही साहेबांना डोक्यात आलेलं पाठवून मोकळं व्हायची सवय असते. सकाळी ते विसरलेलेही असतात, जागे राहिलेलो असतो आपण. तुमचे साहेब त्यातले आहेत की नाहीत ते मला इथून कळणार नाही, पण विचारल्याशिवाय तुम्हालाही कळणार नाही.

या सगळ्याने साहेब सुधारतील, अशी आशा मी दाखवत नाही. तुम्हाला खात्रीची माहिती मिळेल. आतापर्यंत तुम्ही सगळं झाकून घेत आलात, त्यामुळे खरं समोर आल्यावर ही जागा कशी वागते हे तुम्हीही पाहिलेलं नाही. कदाचित वरचे साहेब विचारतील, मागण्या तीनदा का बदलल्या? कदाचित कुणी काहीच विचारणार नाही. कदाचित पुढच्या अप्रेझलमध्ये तुम्हाला 'सकारात्मक दृष्टिकोन कमी' असा शेरा मिळेल. तिन्ही उत्तरं उपयोगी आहेत. तिसरं तर फारच.

दरम्यान एक वही करा. तारीख, काय झालं, कोण हजर होतं, कुठले शब्द वापरले. हाताने, घरी, त्याच दिवशी लिहा. ऑफिसची कागदपत्रं स्वतःच्या खासगी मेलवर पाठवत बसू नका. बऱ्याच कंपन्यांत तो नियमभंग धरतात, आणि मग चौकशी साहेबांची राहते बाजूला, तुमचीच सुरू होते.

एचआरकडे जावं का? जा, पण कुणाकडे जातोय हे ओळखून जा. तो कंपनीचा विभाग आहे आणि कंपनीचा धोका कमी करणं हे त्याचं काम. साहेब कसे आहेत हे सांगायला गेलात तर सहानुभूती मिळेल आणि बहुधा तेवढीच मिळेल. वर्षात दोघं गेले, त्यांच्या जागा भरायला इतका वेळ लागला, इतकं काम दोनदा झालं, सर्व्हेनंतर माणसांची चौकशी झाली, हे सांगायला गेलात तर त्यांना काहीतरी लिहून ठेवावं लागेल. सर्व्हेचा मुद्दा खास सांगा. निनावी म्हणून घेतलेल्या सर्व्हेत नावं शोधणं हे एचआरच्या स्वतःच्या विश्वासार्हतेवर येतं, तिथे ते हलतात. शक्य असेल तर बरोबर आणखी एक जण असू दे. आणि पाण्यात राहून माशाशी वैर करायचं तर जवळचा काठ आधी बघून ठेवा. म्हणजे बाहेर नोकरीची बोलणी सुरू झाल्यावर जा, आधी नको.

यात एक अपवाद आहे. धमक्या, शिवीगाळ, अंगचटीला येणं, एखाद्याच्या लिंगावरून, धर्मावरून, वंशावरून किंवा अपंगत्वावरून टोमणे, एकाच माणसाला ठरवून रोज लक्ष्य करणं, यातलं काही असेल तर तो वाईट व्यवस्थापनाचा प्रश्न उरत नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 मध्ये कामाच्या ठिकाणची हिंसा आणि छळ याविषयी करार क्रमांक 190 मंजूर केला. त्यात एकदाच घडलेली घटनासुद्धा धरली आहे, वारंवारच घडलं पाहिजे अशी अट नाही. किती देशांनी तो स्वीकारला आणि तुमच्याकडे कोणता कायदा लागू आहे हे वेगळं, पण अशा वेळी रिपोर्टचे रंग बदलत बसू नका. लेखी तक्रार करा आणि वकिलाला लवकर भेटा, कारण अशा तक्रारींना बहुतेक ठिकाणी मुदत असते. 'फाडून खातात' असं तुम्ही लिहिलंय. ते कुणा एकाच्याच वाट्याला येतंय का, हे तुम्हीच पाहा.

पोटातल्या गोळ्याबद्दल. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये बर्नआउटची व्याख्या केली तेव्हा त्याला आजार म्हटलं नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळ न आवरलेला ताण असं त्याचं मूळ सांगितलं. लक्षणं तीन : शक्ती संपून जाणं, कामाबद्दल मन उठणं किंवा कडवट होणं, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटू लागणं. तुमच्या पत्रात पहिलं ठळक आहे, दुसरं मला दिसलं नाही, तिसरं डोकावतंय. व्हाइटहॉल-2 नावाचा ब्रिटिश सरकारी कर्मचाऱ्यांचा मोठा अभ्यास 1985 मध्ये सुरू झाला, त्यात दहा हजारांहून जास्त माणसं होती. आपल्या कामावर ज्यांचं नियंत्रण कमी, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त, असं त्यात दिसून आलं. जबाबदारी सहा जणांची आणि ठरवण्याचा अधिकार शून्य, ही तुमची जागा नेमकी तशी आहे. तेव्हा डॉक्टरांकडे जा, या आठवड्यातच. त्यांना झोपेबद्दल सांगा आणि कामाबद्दलही सांगा. सुट्टी घ्या, व्यायाम करा, ते सगळं चांगलंच आहे. फक्त ताणमुक्तीच्या ज्या कार्यशाळा कंपन्या हौसेने भरवतात, त्यात ताण देणाऱ्यांना कधी बसवलेलं मी ऐकलं नाही.

आता तुमचा खरा प्रश्न. मी गेले तर मुलांचं काय?

अल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने 1970 साली अशा माणसांबद्दल लिहून ठेवलंय. व्हिएतनाम युद्धाच्या काळात अमेरिकेच्या सरकारात काही अधिकारी युद्धाच्या विरोधात होते, तरी आतच राहिले. आपण आत असलो तर निदान थोडं तरी कमी वाईट होईल, अशी त्यांची समजूत. झालं काय, तर त्यांचा विरोध सगळ्यांच्या अंगवळणी पडला. बैठकीत त्यांचं ऐकून घ्यायचं, सगळ्या बाजू ऐकल्या असं समाधान मानायचं आणि ठरलेलं तेच करायचं. आणि गंमत अशी की कारभार जितका बिघडत जाई, तितकं 'आता तर मी असायलाच हवं' असं त्यांना जास्त वाटे. हे वाचल्यापासून 'मी आहे म्हणून निदान' असं सुरू होणारं वाक्य कुणाच्याही तोंडून आलं की मी जरा सावध होते. कारण या हिशेबात 'आता जा' हे उत्तर कधी येतच नाही. परिस्थिती बरी असली तर राहायला हरकत नसते, आणि बिघडली की राहणं कर्तव्य होतं.

शिवाय ते दोघं तुम्ही असतानाच गेले ना? तुमच्या असण्याने जाणारे थांबले नाहीत. आणि जे थांबले त्यांनी थांबावं का, हे त्यांना कुणी विचारलेलं दिसत नाही. 'ताई, तुम्ही आहात म्हणून टिकलोय' हे ऐकायला बरं वाटतं, पण त्यातल्या एखाद्याने एव्हाना दुसरीकडे जाऊन खूप काही शिकायला हवं होतं, असंही असू शकेल. आपण त्यांना मुलं म्हणतो, पण ती कमावती, मोठी माणसं आहेत. प्रत्येकाशी वेगवेगळं बोला. तुला पुढे काय करायचंय, इथे ते होईल असं वाटतं का, हे विचारा आणि उत्तर ऐका. तुम्ही जाणार आहात की नाही हे त्यांना सांगायची गरज नाही. तसं सांगितलं तर ते ओझं त्यांच्यावर जातं. त्यांच्या कामावर त्यांचं नाव लागेल एवढं बघा. तुमच्या ओळखीच्या माणसांशी त्यांची गाठ घालून द्या. पुढे कधी संदर्भासाठी फोन आला तर चांगलं बोलायला तुम्ही या कंपनीत असायची गरज नाही.

आणि एक तारीख ठरवा. पुढचं अप्रेझल म्हणा किंवा आजपासून सहा महिने. त्या तारखेला तीन गोष्टी बघायच्या : रिपोर्टमध्ये खरं लिहिता येतंय का, मीटिंगनंतरच्या मेलप्रमाणे काम होतंय का, आणि तुम्हाला झोप लागतेय का. तिन्हीला 'नाही' आलं तर निघायचं. तारीख कागदावर लिहा आणि घरातल्या एका माणसाला सांगून ठेवा, नाहीतर तुम्ही ती पुढे ढकलाल, याची मला खात्री आहे. घर तुमच्या पगारावर चालत असेल तर हातात दुसरं पत्र असल्याशिवाय राजीनामा नको. म्हणून शोध आत्ताच सुरू करा, सहा महिन्यांनी नाही.

मुलाखतींना गेलात की तुम्हीही प्रश्न विचारा, म्हणजे आगीतून फुफाट्यात पडायचं टळेल. या जागेवर आधी कोण होतं आणि ते आता कुठे आहे? टीमने सांगितलं म्हणून अलीकडे बदललेला एखादा निर्णय सांगाल का? गेल्या वर्षातली एखादी फसलेली गोष्ट आणि त्यानंतर काय झालं? शेवटच्या प्रश्नाला 'आमच्याकडे काही फसत नाही' असं हसत उत्तर आलं, तर ती जागा तुमच्या ओळखीची आहे.

राहिलं सोडतानाचं. राजीनाम्यात दोनच ओळी : राजीनामा देत आहे, कामाचा शेवटचा दिवस अमुक. कारण लिहू नका, ते पत्र कायमचं फायलीत राहतं. एक्झिट इंटरव्ह्यूला आधी विचारा, हे कोण वाचणार आणि कुठल्या नावाने जाणार? मग तेवढंच बोला जे तुम्ही आत असताना लेखी दिलेलं आहे. बदललेल्या मागण्या, वाया गेलेले दिवस, सर्व्हेनंतरची चौकशी. नवं काहीही काढू नका. मनातला राग तिथे काढायला गेलात तर 'जाणारा माणूस बोलतोच' म्हणून सगळंच उडवून लावतील. गेलेल्या दोघांबद्दल तर बोलूच नका, ते त्यांचं त्यांनी सांगायचं आहे. अनुभवपत्र आणि येणी मिळायची असतील तोवर समाजमाध्यमांवर एक अक्षर नको.

आणि हँडओव्हरच्या नोंदीत सहा जणांपैकी कुणी काय केलं ते नावानिशी लिहा. मॅनेजरबरोबर वरच्या साहेबांनाही सीसी ठेवा. हँडओव्हरला तसा सीसी कुणाला खटकत नाही.